युरोपची मेरी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप: अर्ज कसा करायचा, आणि सुरुवात जुलैत नाही तर जानेवारीत का करायची

दरवर्षी जुलै संपत आला की मला कुणा ना कुणाचा मेसेज येतोच, "ताई, मेरी क्युरीचा फॉर्म भरायचाय, सप्टेंबरची डेडलाइन आहे, काय काय कागद लागतात?" आणि दरवेळी जीव तुटतो, कारण मुलं हुशार असतात, पेपर चांगले असतात, विषय तर कधीकधी इतका भारी असतो की वाचून मलाच हेवा वाटतो, पण वेळ हातातून गेलेली असते. हा फॉर्म भरायचा प्रकारच नाहीये. कागद दोन दिवसांत गोळा होतात, खरं काम त्याच्या आधीचे आठ महिने असतं. ते आठ महिने कसे घालवायचे ते इथे सगळं एकदाच लिहून ठेवते.

आधी पैसा कुठून येतो ते बघा, कारण पुढे काय लिहायचं ते त्यावरच ठरतं. युरोपियन युनियन १९८४ पासून संशोधनासाठी काही वर्षांचे मोठे कार्यक्रम चालवतं, सध्याचा म्हणजे होरायझन युरोप, २०२१ ते २०२७, सुरुवातीला ठरलेली एकूण रक्कम साधारण ९५.५ अब्ज युरो. त्यातले ६.६ अब्ज मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी अ‍ॅक्शन्स म्हणजे एमएससीएचे, आणि त्यातली पोस्टडॉक फेलोशिप, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठीची, आपल्या कामाची. हा तिथल्या लोकांच्या कराचा पैसा आहे. म्हणून तुमचं विज्ञान कितीही चांगलं असलं तरी समाजाला काय मिळणार, तुमचं करिअर पुढे कुठे जाणार, हे ते विचारणारच. आपल्याकडे पीएचडीच्या सिनॉप्सिसला या प्रश्नांना एका परिच्छेदात गुंडाळायची सवय असते, इथे त्याला शंभरातले तीस गुण आहेत.

भारत होरायझन युरोपचा असोसिएटेड देश (म्हणजे युनियनबाहेरचा, पण करार करून या कार्यक्रमात सामील झालेला) नाहीये, त्यामुळे आपल्या कॉलेजला किंवा संस्थेला यातून आपोआप पैसे मिळत नाहीत. हे ऐकून बरेच जण तिथेच सोडून देतात, पण व्यक्ती म्हणून तुम्ही कुठल्याही देशाचे असलात तरी चालतं, फक्त यजमान संस्था युनियनमधली किंवा असोसिएटेड देशातली हवी (ब्रिटन २०२४ पासून पुन्हा त्यात आलंय). ग्रँट त्या संस्थेला मिळते आणि संस्था तुम्हाला नोकरीवर घेते. स्कॉलरशिप नाही, नोकरी. पगारपत्रक, सोशल सिक्युरिटी, रजा सगळं. घरी सांगताना एक लक्षात ठेवा, कागदावर जो महिन्याचा आकडा दिसतो त्यातून मालकाचा वाटाही जातो आणि तुमचा करही जातो, शिवाय देशाच्या महागाईप्रमाणे तो आकडा कमी-जास्त होतो. मी आधी कागदावरचा आकडा घरी सांगून बसले होते, मग आईला नीट समजावून सांगायला वेळ लागला. म्हणून होस्टच्या, म्हणजे यजमान संस्थेच्या, एचआरला सरळ विचारा की हातात किती येतील. कुणालाही त्यात वावगं वाटत नाही.

आता पात्रता. एक, डेडलाइनच्या दिवशी पीएचडी झालेली हवी. आपल्याकडे व्हायवा होतो आणि पदवीदान समारंभाची वाट बघत माणूस बसतो, तर २०२५ पर्यंतच्या कॉलमध्ये (कॉल म्हणजे दरवर्षीची अर्ज मागवण्याची फेरी) थीसिस यशस्वीपणे डिफेंड झालेला असेल आणि प्रमाणपत्र हातात नसेल तरी धरत होते, विद्यापीठाकडून तसं पत्र तेवढं घेऊन ठेवा. दोन, पीएचडीनंतर संशोधनाची आठ वर्षांपेक्षा जास्त झालेली नकोत. तीन, ज्या देशात जायचंय त्या देशात डेडलाइनच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नकोत. फिरायला गेलात ते यात धरत नाहीत. हा तिसरा नियम भारतात असणाऱ्यांना काहीच अडचणीचा नाही, पण जे आधीच जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये दोन वर्षं आहेत आणि त्याच लॅबमध्ये पुढे राहायचंय त्यांचा अर्ज इथेच बाद होतो, मग विज्ञान कितीही चांगलं असो. त्यांनी दुसरा देश शोधायचा.

दुसऱ्या नियमाबद्दल बायकांसाठी वेगळं सांगायचंय, अगदी कळकळीने. आठ वर्षं मोजताना मॅटर्निटी आणि मुलाच्या संगोपनासाठीची रजा वजा होते, संशोधनाबाहेर केलेली नोकरीसुद्धा वजा होते. माझी एक मैत्रीण, पीएचडीनंतर लगेच मूल, मग सासऱ्यांचं आजारपण, मग तीन वर्षं ज्युनियर कॉलेजला शिकवलं, ती म्हणायची आता माझं वय आणि वेळ दोन्ही गेलं. वयाची अट तर नाहीच आहे! आम्ही एका रविवारी तारखा घेऊन बसलो, तिची पीएचडी नऊ वर्षांपूर्वीची पण संशोधनाची वर्षं भरली चार. कागद मात्र लागतात, रजेचं पत्र, कॉलेजचं अनुभव प्रमाणपत्र, सगळ्यावर नेमक्या तारखा. ते जमवायलाच दोन महिने गेले. म्हणून आधी तारखांचा तक्ता करा, बाकी सगळं नंतर.

नियम बारीकसारीक बदलत असतात, दर वर्क प्रोग्रामला (युनियनच्या नियमांच्या नव्या आराखड्याला) काहीतरी नवीन असतं, तेव्हा त्या वर्षीचं गाइड फॉर अ‍ॅप्लिकंट्स मुळातून वाचाच. कुणाच्या जुन्या पोस्टवर, अगदी या लिखाणावरसुद्धा, विसंबून पात्रता ठरवू नका.

आणि आकडे आधीच सांगते म्हणजे तयारी मनापासून होईल. २०२३ च्या कॉलला ८,०३९ अर्ज आले आणि १,२४९ जणांना मिळाली. २०२५ ला अर्जच आले १७,०५८. म्हणजे बरा अर्ज आता पुरत नाही, नव्वद गुण मिळूनही लोक बाहेर राहतात. भारतीय बऱ्याच वर्षांपासून यात ठळकपणे दिसतात, त्यामुळे आपल्याला जमेल का हा प्रश्न नको, वेळेत जमेल का हा खरा प्रश्न.

जानेवारीत करायचं एकच काम, सुपरवायझर शोधणं. अर्ज तुम्ही एकट्याने करूच शकत नाही, पोर्टलवर प्रपोजल यजमान संस्थेच्या नावाने जातं आणि मुख्य संपर्क म्हणून सुपरवायझर असतो. शिवाय एका कॉलला एका माणसाचा एकच अर्ज, त्यामुळे निवड चुकली की वर्ष गेलं. तुमच्या थीसिसमध्ये ज्यांचे पेपर तुम्ही सगळ्यात जास्त वेळा उघडलेत त्यांच्यापासून सुरुवात करा. फार मोठं नाव असलं की त्यांच्याकडे आधीच पाचसहा जण रांगेत असतात आणि तुमच्या मसुद्याला त्यांचा वेळ मिळत नाही. मला स्वतःला मधल्या फळीतला माणूस बरा वाटतो, ज्याची लॅब छोटी आहे पण जो मसुद्याच्या प्रत्येक ओळीवर कॉमेंट टाकतो. यजमान संस्थेत ग्रँट ऑफिस आहे का, तिथे आधी कुणाला ही फेलोशिप मिळालीय का, हेही बघा. बऱ्याच युरोपियन संस्था वसंतात एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट (आधी नुसती इच्छा कळवणारा छोटा अर्ज) मागवतात आणि निवडलेल्या उमेदवारांसाठी चक्क दोनतीन दिवसांचा मास्टरक्लास घेतात, फुकट. या जाहिराती युरोपातल्या संशोधकांच्या नोकऱ्यांसाठीच्या युरअ‍ॅक्सेसच्या साइटवर येतात.

पहिला ईमेल. आपल्याकडून जाणारे ईमेल साधारण असे असतात: "रिस्पेक्टेड सर", मग स्वतःची सगळी शैक्षणिक वाटचाल दहावीपासून, मग "मला तुमच्या नामांकित प्रयोगशाळेत संधी मिळाल्यास मी ऋणी राहीन." समोरचा माणूस असे रोज पाच वाचतो. त्याला हवं असतं ते एवढंच की तुम्ही कोण, त्याच्या कुठल्या कामातून तुम्हाला कोणता प्रश्न पडला, तो प्रश्न सोडवायला तुमच्याकडे असं काय आहे जे त्याच्याकडे नाही, आणि तुम्ही पात्र आहात हे तुम्ही तपासलंय. बारा ओळी, सोबत दोन पानी सीव्ही आणि एक पानी कल्पना. माझं उदाहरण देते. मी दख्खनच्या बेसॉल्टमधल्या भूजलावर काम केलंय, मराठवाड्यातल्या विहिरींवर. मी ज्यांना लिहिलं ते कॅनरी बेटांवरच्या ज्वालामुखी खडकातल्या पाण्यावर काम करतात. मी लिहिलं की तुमच्या अमुक पेपरमध्ये पाणी जुन्या लाव्हाच्या दोन थरांमधून आडवं जातं असं म्हटलंय, आमच्याकडे खोदलेल्या विहिरीत उतरून हे थर डोळ्यांनी बघता येतात, माझ्याकडे चार वर्षांच्या पातळ्यांच्या नोंदी आहेत, आणि समस्थानिकांची (आयसोटोपची) मोजणी मला येत नाही ती तुमच्याकडे शिकायचीय. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. त्याआधी "रिस्पेक्टेड सर" वाले अकरा ईमेल पाठवले होते, त्यातल्या एकालाच उत्तर आलं होतं आणि तेही नकाराचं.

"मला हे येत नाही" हे लिहायला घाबरू नका. या फेलोशिपचा गाभाच तो आहे, टू-वे ट्रान्सफर, म्हणजे तुम्ही काय शिकणार आणि त्यांना काय शिकवणार. सगळं येणाऱ्या माणसाला ट्रेनिंगसाठी कोण पैसे देईल?

मार्चपर्यंत होकार आला की लगेच लिहायला बसा, कॉल उघडायची वाट बघू नका. कॉल एप्रिल-मेमध्ये उघडतो पण साचा दरवर्षी बराचसा तोच असतो. एमएससीए-नेट नावाचा एक गट दरवर्षी हँडबुक काढतो, साच्यातल्या प्रत्येक मुद्द्याखाली काय अपेक्षित आहे ते त्यात ओळीओळीने दिलंय. ते प्रिंट काढून शेजारी ठेवा.

मुख्य भाग म्हणजे पार्ट बी-वन, दहा पानं. अकरावं पान लिहिलंत तर ते वाचलंच जात नाही. तीन भाग, एक्सलन्सला ५० टक्के, इम्पॅक्टला ३०, इम्प्लिमेंटेशनला २०. साधारण तीन तज्ज्ञ वाचतात आणि ते तुमच्याच बारीक विषयातले असतील असं अजिबात नाही, म्हणून पॅनल (विषयगट) आणि कीवर्ड निवडताना सुपरवायझरबरोबर तासभर बसा, कारण अर्ज कुणाच्या हातात पडणार ते त्यावरून ठरतं. माझं काम एन्व्हायर्नमेंटमध्ये जाऊ शकलं असतं आणि इंजिनिअरिंगमध्येही, दोन्हीकडचे वाचणारे वेगळे प्रश्न विचारतात.

एक्सलन्समध्ये सगळ्यात जास्त वेळ उद्दिष्टांवर घाला. माझ्या पहिल्या मसुद्यात होतं, "या प्रकल्पात बेसॉल्ट खडकातील भूजल पुनर्भरणाचा सखोल अभ्यास केला जाईल." इंग्रजीत लिहिलेलं पण वळण हेच, आपल्या सगळ्यांचं हेच असतं. सुपरवायझरने शेजारी एवढंच लिहिलं, अभ्यास संपला हे कसं कळणार? त्या प्रश्नाने माझे तीन आठवडे खाल्ले. शेवटी झालं असं: पावसाचं पाणी कोणत्या थरातून किती दिवसांत विहिरीत पोचतं हे समस्थानिकांवरून ठरवायचं, ४० विहिरी, दोन पावसाळी हंगाम, आणि आडव्या प्रवाहाची कल्पना चुकीची असेल तर वरच्या आणि खालच्या थरातल्या पाण्याचं वय सारखं निघेल. बघा, आता वाचणाऱ्याला सगळं चित्र दिसतं, तुम्ही हरलात तर ते कसं कळेल हेसुद्धा दिसतं. प्रत्येक उद्दिष्टाला हा प्रश्न विचारा, संपलं हे कसं कळणार.

पद्धतीच्या भागात ओपन सायन्स (डेटा आणि पेपर सगळ्यांसाठी खुले ठेवणं) आणि जेंडर डायमेन्शन असे मुद्दे येतात. जेंडरवर "संघात स्त्री-पुरुष समान संधी" असं लिहून मोकळे होतात लोक, पण तिथे प्रश्न तुमच्या संशोधनाच्या विषयात लिंगभावाचा संबंध येतो का हा आहे. माझ्या बाबतीत येत होता. विहीर आटली की दोन किलोमीटरवरून पाणी कोण आणतं? विहिरीची पातळी कधी घसरते हे गावातल्या बाया पंचायतीच्या नोंदीपेक्षा आधी सांगतात, म्हणून मुलाखतींचा एक छोटा भाग त्यांच्यासाठीच ठेवला. तुमचा विषय शुद्ध गणित असेल तर संबंध नाही असं कारण देऊन स्पष्ट लिहा, ओढूनताणून आणू नका.

इम्पॅक्टमध्ये तीन गोष्टी, तुमचं करिअर, निष्कर्ष कुणापर्यंत कसे पोचणार, आणि त्याने किती फरक पडेल. इथे नेमकेपणा गुण देतो. "शेतकऱ्यांना फायदा होईल" याला काही किंमत नाही, कुठल्या खात्याच्या कुठल्या निर्णयासाठी तुमचा नकाशा वापरता येईल ते लिहा. माझ्या आधीच्या प्रयत्नात हाच भाग सगळ्यात कच्चा होता.

इम्प्लिमेंटेशनला गांट चार्ट (कोणतं काम कोणत्या महिन्यात ते दाखवणारा तक्ता), वर्क पॅकेज (कामाचे गट) आणि धोक्यांचा तक्ता. धोके खरे लिहा. मी लिहिलं होतं की पाण्याचे नमुने भारतातून नेताना कस्टममध्ये अडकू शकतात, मग त्यावर उपाय म्हणून अर्धे नमुने बेटांवरचेच ठेवले. खरा धोका लिहिणारा माणूस फिल्डवर गेलेला आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

ऑगस्टबद्दल सावध करते. ऑगस्टमध्ये अर्धा युरोप सुट्टीवर असतो, ग्रँट ऑफिसला ऑटो-रिप्लाय, सुपरवायझर समुद्रकिनारी. म्हणून पूर्ण मसुदा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांच्या हातात गेलाच पाहिजे. तुमच्या विषयाबाहेरच्या दोन माणसांनाही वाचायला द्या, माझा मसुदा एका मराठीच्या प्राध्यापिकेने वाचला आणि जिथे जिथे त्या अडखळल्या तिथे तिथे खरंच लिखाण गचाळ होतं.

डेडलाइन सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात असते, ब्रसेल्सच्या संध्याकाळच्या पाच वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठ. २०२४ ला गणपती ७ तारखेला बसले आणि डेडलाइन आली ११ ला, ऐन गौरीपूजनाच्या दिवशी, घरात पाहुणे, पुरणाचा घाट आणि एका मुलीचा मला फोन की पोर्टल पीडीएफ घेत नाहीये. पोर्टलवर अर्ज कितीही वेळा सबमिट करता येतो, शेवटचा धरतात. तर चार दिवस आधी एक पूर्ण अर्ज टाकूनच ठेवा, मग सुधारत बसा. आणि अर्जाला फी नसते, अगदी शून्य. माझ्या एका ज्युनियरकडून एका कन्सल्टन्सीने "प्रोसेसिंग"च्या नावाखाली मोठी रक्कम घेतली, दिला तो कॉपी-पेस्ट मसुदा. ज्या मदतीसाठी पैसे मोजले ती तिला यजमान देशाच्या नॅशनल काँटॅक्ट पॉइंटकडून, म्हणजे अर्जदारांसाठीच्या अधिकृत मदत केंद्राकडून, फुकट मिळाली असती.

ज्यांची पीएचडी अजून व्हायचीय त्यांनी याच कार्यक्रमातले डॉक्टरल नेटवर्क बघा, तिथे जाहिरात येते आणि थेट नोकरीचा अर्ज करायचा, प्रपोजल लिहावं लागत नाही. पोस्टडॉकवाल्यांनी जोडीला जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप आणि जपानची जेएसपीएस बघून ठेवावी, हुम्बोल्टला तर ठरावीक डेडलाइनही नसते. ज्यांना भारतातच राहायचंय त्यांच्यासाठी २०२३ च्या कायद्याने आलेलं एएनआरएफ, म्हणजे संशोधनाला पैसा देणारं सरकारी प्रतिष्ठान, ज्यात त्याच कामाचं जुनं एसईआरबी विलीन झालं. एकच कल्पना थोडी फिरवून तीन ठिकाणी लावता येते, एकदा नीट लिहिलेली कल्पना वाया जात नाही.

निकाल साधारण फेब्रुवारीत येतो, सोबत इव्हॅल्युएशन समरी रिपोर्ट. माझा पहिला निकाल नकाराचा होता, ८१ च्या आसपास गुण. दोन दिवस मी तो उघडून बघितलाच नाही. तिसऱ्या दिवशी वाचला तर त्यात लिहिलं होतं की यजमान संस्थेला उमेदवाराकडून काय मिळणार हे पुरेसं स्पष्ट नाही. आणि खरंच नव्हतं, मी फक्त मी काय शिकणार एवढंच लिहिलं होतं, मराठवाड्यातल्या विहिरीत उतरून मी जे चार वर्षं केलं त्याची कुणाला गरज असेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं. नकार आला तर रिपोर्टमधली प्रत्येक उणीव एका वहीत डावीकडे लिहा आणि उजवीकडे ती कुठल्या पानावर कशी भरणार ते. ८५ च्या वर गुण असून पैसे मिळाले नाहीत तर सील ऑफ एक्सलन्स मिळतं, काही देश आणि संस्था त्यावर स्वतःचा पैसा देतात, तेव्हा होस्टला लगेच विचारा. होस्ट पोर्तुगाल, पोलंड, झेकिया, ग्रीस अशा वाइडनिंग देशांत (संशोधनात मागे म्हणून युनियन ज्यांना जास्त मदत करतं ते) असेल तर अर्ज करतानाच ईआरए फेलोशिपच्या खुणेवर टिक करा, तोच अर्ज दुसऱ्या निधीसाठीही धरला जातो. फार कमी गुण मिळाले तर पुढच्या वर्षी त्याच होस्टबरोबर लावता येत नाही, ती मर्यादा त्या वर्षीच्या नियमात बघा. बाकी सगळ्यांनी मार्चमध्ये ती वही घेऊन सुपरवायझरशी कॉल लावायचा.